फोनवरच्या डॉक्टरांपुढे बसण्याआधी

परळ-लालबागच्या माणसाला दवाखाना लांब नाही. केईएम 1926 पासून आणि टाटा रुग्णालय 1941 पासून दाराशी उभे आहे. तरीही आपल्या वस्तीतली माणसे दुखणे अंगावर काढतात. केसपेपर काढून नंबर लागेपर्यंत दिवस जातो आणि कामावर खाडा पडतो. अशांसाठी केंद्र सरकारची 'ई-संजीवनी' ही सोय आहे. एप्रिल 2020 पासून ती घरबसल्या मोबाईलवर, विनामूल्य मिळते. मोबाईल नंबर द्यायचा, आलेला ओटीपी भरायचा, टोकन घ्यायचे आणि डॉक्टर पडद्यावर येईपर्यंत थांबायचे. गावी आई-वडील असतील तर तेथील उपकेंद्रातले आरोग्य अधिकारी अशीच गाठ घालून देतात.

मात्र पडद्यावरचे डॉक्टर पोट दाबून पाहू शकत नाहीत, छातीला नळी लावू शकत नाहीत. त्यातले जमेल तेवढे घरच्यांनी आधी करून ठेवावे लागते.

आम्ही पडलो कारकून. अर्जावर 'विषय' लिहिलेला नसला की साहेब तो बाजूला सारतात, हे आम्ही रोज पाहतो. म्हणून प्रथम एका कागदावर लिहा : काय होते, केव्हापासून, कशाने वाढते. तारीख आठवत नसेल तर 'भीमजयंतीच्या आदल्या आठवड्यापासून' एवढेही पुरते. ताप किती व किती वाजता, साखर उपाशीपोटीची की जेवणानंतरची, हेही त्यात यावे. पायाला सूज असेल तर अंगठ्याने दाबून खड्डा पडतो का ते पाहा. जुने रिपोर्ट तारीखवार लावा. गोळ्यांची पाकिटे जवळ ठेवा. केमिस्ट पट्टी कापून देतो आणि नाव नेमके त्याच्याकडे राहते, म्हणून औषधाचे बिलही असू द्या. खिडकीकडे पाठ करून बसू नका, तोंड काळे दिसते.

आता खरी अडचण. आमच्या पाहण्यात नेहमी येते ते असे : फोन मुलाच्या हातात, बोलतो मुलगा, आणि जिचे दुखते ती माउली मोरीपाशी पदर सावरून उभी. 'आईला चक्कर येते,' एवढेच तो सांगतो. तिच्या अंगावरून महिनाभर जाते आहे हे त्याला ठाऊक नसते आणि त्याच्यादेखत ती ते सांगणार नाही. मग रक्त कमी झाल्याची चक्कर बी.पी.च्या खात्यावर जमा होते. याला डॉक्टर तरी काय करणार? तेव्हा मुलाने फोन लावून द्यावा आणि गॅलरीत जाऊन उभे राहावे. सासऱ्यांनीही. एका खोलीच्या घरात हे सोपे नाही, आम्हांला कल्पना आहे. दुपारी विहार रिकामे असते. तिथे एखादी शेजारीण सोबत घेऊन बसता येईल. आणि भगिनींनो, मिश्री लावत असाल तर तेही सांगा. डॉक्टर ओरडतील, पण औषध बरोबर देतील.

25 मार्च 2020 च्या सरकारी नियमांप्रमाणे चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. लहान मुलासोबत मोठे माणूस हवे. अमली वर्गातली औषधे फोनवर लिहून मिळत नाहीत, त्यासाठी हुज्जत घालू नये. बोलणे पटले नाही तर ते तिथेच थांबवून प्रत्यक्ष दाखवण्याचा तुम्हांला हक्क आहे. ओटीपी मात्र आपणच भरायचा. तो विचारायला कोणाचा फोन आला तर सांगू नका.

छातीत कळ येऊन घाम सुटला, धाप लागली, तोंड वाकडे झाले, एक बाजू लुळी पडली, तर टोकन घेत बसू नका. 108 ला फोन करा, नाहीतर टॅक्सीत घालून सरळ मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा.

फोन ठेवण्यापूर्वी प्रत्येक औषध आणि त्याची वेळ डॉक्टरांना वाचून दाखवा. किती दिवसांत उतार पडला नाही तर प्रत्यक्ष यायचे, हेही विचारून त्याच कागदावर लिहून घ्या.