इशारा कोणाच्या फोनवर जातो?

शहापूर-मुरबाडकडच्या शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायतींत संगणक सांभाळणाऱ्या मंडळींना एक विनंती. कोण कोणती साइट उघडतं यावर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर बसवलं असेल, तर आजच त्याच्या सेटिंगमध्ये जा आणि इशारा कोणाला जातो ते बघा. अनेकदा तो बसवून देणाऱ्याच्या ईमेलवर किंवा बदली होऊन गेलेल्या ऑपरेटरच्या नंबरवर जात असतो. तिथे आज कामावर असलेल्या दोघांचे मोबाइल टाका. दोघांचे अशासाठी, की एक जण म्हसाच्या यात्रेत नाहीतर माळशेज घाटात रेंजबाहेर असायचाच.

इशारे मोजकेच ठेवा. अडवलेल्या प्रत्येक जाहिरातीचा मेसेज येऊ लागला, की चार दिवसांत माणूस आवाज बंद करून टाकतो. फसवी किंवा व्हायरसवाली साइट उघडायचा प्रयत्न झाला, किंवा कार्यालय बंद असताना रात्री मोठा डेटा बाहेर चालला, तर कळायलाच हवं. तिसरा इशारा हमखास राहून जातो: देखरेखच बंद पडल्याचा. पावसाळ्यात लाइट गेली की राउटरबरोबर देखरेखीचा संगणकही झोपतो, आणि लाइन तुटली तर ईमेल निघणार कुठून? म्हणून ही खबर बाहेरून तपासणाऱ्या सेवेकडून घ्या. ते जमत नसेल तर बॅटरीवर चालणारं, सिमवरून एसएमएस पाठवणारं यंत्र ठेवा. दहा मिनिटं काहीच हालचाल दिसली नाही तरच इशारा जाऊ द्या. लाइटची उघडझाप आपल्याकडे रोजचीच.

मुरबाड तालुक्यातलं धसई 1 डिसेंबर 2016 रोजी राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं. म्हणजे आपल्याकडे पैसा नेटवरून फिरू लागला त्याला बरीच वर्षं झाली. त्यामुळे फसवणुकीत पैसे गेल्याचं दिसताच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला तर रक्कम पुढच्या खात्यांत पसरते. सरकारी कार्यालयं आणि कंपन्यांना तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावा लागतो आणि लॉग 180 दिवस जपावे लागतात.

देखरेख आहे हे कर्मचाऱ्यांना, मुलांना आधी सांगा, फलकावर लावा. चोरून पाळत ठेवणं मला तरी पटत नाही.

शेवटी, रविवारी रात्री मुद्दाम एक चाचणी इशारा पाठवा. ज्याचा फोन वाजला नाही, त्याचा नंबर सोमवारी सकाळी आधी तपासा.