झडती

एका परिषदेच्या निमित्ताने मी पहिल्यांदाच परदेशी गेले. परिषदेत काय झाले ते संघटनेच्या बैठकीत सांगून झाले आहे. इथे लिहायचे आहे ते परतीच्या वाटेवरच्या एका विमानतळाबद्दल.

चपला, बांगड्या उतरवून, हात वर करून यंत्रात उभी राहिले. बाहेरच्या पडद्यावर माणसाची आकृती होती आणि तिच्या मांड्यांमध्ये एक पिवळा चौकोन. माझी पाळी चालू होती. पडदा मागच्या सगळ्या रांगेला दिसत होता. गणवेशातल्या बाईने मला बाजूच्या खोलीत नेले, हातमोजे चढवले. काय करणार ते सांगितले नाही. ‘पॅड आहे’ असे मी दोनदा सांगितले, तरी काढून दाखवावे लागले. वस्तीतल्या बायकांना ‘आपले शरीर, आपला हक्क’ शिकवणारी मी, त्या खोलीत माझ्या तोंडून काय निघाले? ‘सॉरी’! त्या बाईपेक्षा त्या शब्दाचा राग मला अजून जास्त येतो.

तपासणी नकोच, असे मी म्हणत नाही. 1985 साली ‘कनिष्क’ विमानात सामानातून गेलेल्या बॉम्बने 329 माणसे मारली. पण बाईच्या बाबतीत सामान सोडून शरीरच संशयाची जागा होते, हे जुनेच आहे. जानेवारी 1979 मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची, ती खरोखर नवरी आहे का हे ठरवण्यासाठी, पुरुष डॉक्टरकडून कौमार्य तपासणी झाली. ब्रिटनमधल्या आशियाई आणि कृष्णवर्णीय स्त्रिया त्याविरुद्ध विमानतळावर निदर्शने करायला उतरल्या. ऑक्टोबर 2020 मध्ये दोहा विमानतळावर टाकून दिलेले अर्भक सापडले, तेव्हा विमानांतून बायका उतरवून रुग्णवाहिकेत त्यांची अंतर्गत तपासणी केली. बाळाचा बाप कुठे असेल, हा प्रश्न कुणाला पडला होता की नाही कोण जाणे! आपल्याकडे 2021 साली नर्तकी सुधा चंद्रन यांनी दर वेळी कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो अशी जाहीर तक्रार केली, तेव्हा सुरक्षा दलाने माफी मागितली. नाव असलेल्या बाईला निदान माफी तरी मिळते.

हे सगळे मी नाशिकला घरकामगार बायकांच्या बैठकीत तावातावाने सांगितले. बायका गप्प. मग मागून एक जण म्हणाली, “ताई, तुमची एकदाच झाली. आमची रोज गेटवर होते.”

मी खालीच बसले. मग एकेक बोलू लागली. संध्याकाळी काम आटोपून निघताना पिशवी उघड, डबा उघड, कनवटीला काय आहे ते दाखव. उघडायला सांगणारा बहुधा पुरुष वॉचमन, आजूबाजूला खेळणारी मुले, येणारे-जाणारे साहेब. मालकिणीने दिलेली जुनी साडी असली तर वर फोन करून खात्री करायची, तोवर उन्हात उभे राहायचे. एकीच्या पिशवीतली पाळीची घडी वॉचमनने काठीने वर उचलली होती. तिने ते घरी कुणालाच सांगितले नव्हते.

कायदा पाहू गेले तर अटक झालेल्या बाईचीसुद्धा झडती बाईनेच, सभ्यता कसोशीने पाळून घ्यायची असते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 51 मध्ये होते, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 49 मध्ये आहे. म्हणजे आरोपीला जेवढे संरक्षण आहे, तेवढेही भांडी घासून घरी निघालेल्या बाईला गेटवर मिळत नाही. 2008 साली आपल्या राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, त्याला किती वर्षे झाली ते मोजा.

बैठकीत पत्राचा मसुदा केला. झडती घ्यायची तर सोसायटीत येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांची घ्या, फक्त कामवाल्यांची नको. बाईची पिशवी बाईच तपासेल, तीही आडोशाला. आणि दिलेल्या वस्तूची चिठ्ठी मालकिणीने आधीच द्यावी. पत्र तयार आहे. अडले आहे ते पहिल्या सहीवर, कारण सही करणारीचे काम दुसऱ्या दिवशी सुटू शकते. माझी सही चालणार नाही, मी त्या गेटातून जात नाही. तुमच्या गावी कुणी असे पत्र दिले असेल तर सह्यांचे काय केलेत ते जरूर कळवा.