पाट्या टाकणें आणि काम करणें

आमच्या शहराची ख्याति दोन प्रकारच्या पाट्यांविषयीं आहे. पहिल्या पाट्या दारांवर लागतात. त्यांतील नेमकेपणा व खोंचकपणा यांचें कौतुक साऱ्या महाराष्ट्रांत होतें. दुसऱ्या पाट्या कोणी लिहीत नाहीं; त्या टाकल्या जातात. कचेरींत, दुकानांत, शाळेंत आणि घरांतहि, एकदांचें उरकावें एवढ्याच हेतूनें जें काम होतें, त्यास मराठींत पाट्या टाकणें म्हणतात. पहिल्या पाटींत पुणेकराची बुद्धि चमकते; दुसरी पाटी टाकतांना तीच बुद्धि कोठें जाते, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

बाजारांत जाणाऱ्या कोणत्याहि गृहस्थास पुढील अनुभव नवा नाहीं. गिऱ्हाईक दारांत उभें आहे. दुकानदाराची मान वहींतून, अथवा आतां हातांतील मोबाइलमधून, वर येत नाहीं. मागितलेली वस्तु मिळते, मोड परत मिळते. माणूस मात्र भेटत नाहीं. कचेरीच्या खिडकीपाशीं तोच प्रकार. वर्गांत गुरुजी वीस वर्षांपूर्वीच्या टिपणांतून तेच उदाहरण त्याच शब्दांत सांगतात, आणि मुलें तें त्याच निर्विकारपणें उतरून घेतात. हे सारे लोक आळशी आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. ते दिवसभर राबतात. परंतु त्यांच्या कामावर त्यांची स्वतःची अशी एकहि खूण उमटत नाहीं. तेंच काम दुसऱ्या कोणीं केलें असतें तरी कोणास फरक कळला नसता. आमची तक्रार आहे ती एवढ्यापुरतीच; पण ती लहान नव्हे. मनुष्याच्या जागेपणाचा मोठा वांटा कामांत जातो. त्या वांट्यांत तो स्वतः हजर नसेल, तर मग तो जगला केव्हां?

कोणी म्हणेल कीं, हा सारा दुपारच्या झोंपेचा दोष. एक ते चार दुकान बंद ठेवण्यावरून पुण्याची थट्टा करण्याची रीत जुनी आहे. २०१७ च्या जुलैपासून चितळे बंधूंनीं दुपारींहि दुकान उघडें ठेवण्याचें ठरविलें, तेव्हां तेवढ्याची वर्तमानपत्रांत बातमी झाली. परंतु विश्रांतीस दोष देणारांत आम्ही नाहीं. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांसाठीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं वर्षानुवर्षें खटपट केली, तेव्हां कोठें १० जून १८९० रोजीं रविवारच्या सुटीचा निर्णय झाला. सुटीनें कामगार आळशी होईल अशी भीति तेव्हां ज्यांस वाटली असेल, त्यांचेच वंशज आज रात्रीं उशिरापर्यंत दिवे जळणाऱ्या कचेरीस उत्साहाची खूण समजतात. दिवे जळत आहेत एवढ्यावरून आंतील माणसें उजळलेलीं आहेत असें सिद्ध होत नाहीं.

या विषयांत खरा धडा घ्यावयाचा असेल तर फार दूर जाणें नको. कसबा पेठेंतील तांबट आळींत जावें. पेशवाईच्या काळापासून येथें तांब्याचीं भांडीं घडविणाऱ्या त्वष्टा कासारांची वस्ती आहे. पत्रा ठोकूं लागलें कीं तांबें कठीण होत जातें, आणि तसेंच ठोकीत राहिलें तर तें तडकतें. म्हणून कारागीर मध्येंच तें भट्टींत तापवितो व पुन्हां नरम करून घेतो. आकार पुरा झाला, भांडें घांसून लख्ख झालें, म्हणजे शेवटीं तो हातोडीचे एकासारखे एक ठोके त्यावर सर्वत्र उमटवितो. यासच मठारकाम म्हणतात. प्रत्येक ठोक्याचा एक लहानसा चकचकीत ठसा राहतो; असे शेंकडों ठसे एकमेकांस लागून बसले म्हणजे भांडें बळकटहि होतें आणि झळाळतेंहि. बळकटी आणि झळाळी अशीं येथें दोन निराळीं कामें नाहींत. एकाच ठोक्यानें दोन्ही साधतात. आणि तो ठोका सोसण्याची ताकद तांब्यास भट्टींतील त्या मधल्या विसाव्यानें आलेली असते.

यावरून आमच्या वाचकांनीं दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. एक ही कीं, कामांतील तेज हा वरून दिलेला मुलामा नव्हे. तें कामांतूनच निघावें लागतें. गिऱ्हाईकाशीं बळेंच हंसण्याची शिकवणी नोकरांस देऊन, किंवा भिंतीवर उत्साहाचीं सुवचनें टांगून तें येत नाहीं. दुसरी ही कीं, विसांवा हा त्या तेजाचा वैरी नसून भागीदार आहे.

शुक्रवार पेठेंत दिनकर केळकर यांनीं आयुष्यभर जमविलेला व १९७५ सालीं सरकारच्या स्वाधीन केलेला संग्रह आहे. त्यांतील अडकित्ते व दिवे आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिले असतील. सुपारी कातरण्यास दोन पातीं पुरेशीं असतात. तरीहि कोणी एका लोहारानें किंवा कासारानें त्या दोन पात्यांतून माणसांच्या व पशुपक्ष्यांच्या आकृति काढल्या. त्यामुळें सुपारी अधिक बारीक कातरली गेली असेल असें नाहीं. परंतु रोजच्या उपयोगाच्या क्षुल्लक वस्तूंतहि आपलें कांहीं तरी ठेवून जावें असें त्या माणसास वाटलें. त्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं. त्याची खूण मात्र टिकली. आमच्या मोठमोठ्या पगारांच्या कामांपैकीं किती कामांविषयीं असें म्हणतां येईल?

आतां प्रश्नाच्या मुळाशीं जाऊं. मन नसतां उरकलेल्या कामास आपण वेठ म्हणतों. हा शब्द कोठून आला? गांवच्या पाटलानें किंवा सरकारी अंमलदारानें हुकूम करावा आणि महारानें, मांगानें मोबदल्याशिवाय ओझें वाहावें, निरोप पोंचवावा, लांकडें फोडावीं, ही वेठ होय. त्या गुलामगिरीच्या बेड्या तोडण्यासाठीं डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत महार वतनाविषयींचें बिल मांडलें; कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें कायद्यानें नष्ट व्हावयास १९५८ साल उजाडावें लागलें. भाषेनें येथें मोठें सत्य सांभाळून ठेविलें आहे. निर्जीव काम आणि सक्तीचें काम यांस तिनें एकच नांव दिलें. ज्या कामांत करणाराचा अधिकार नाहीं, त्यांत त्याचा जीव कसा उतरावा?

ही कसोटी लावून आपआपल्या घराकडे व दुकानाकडे पाहावें. ज्या नोकरास दहा वर्षें झालीं तरी एक रुपया सूट देण्याचा अधिकार नाहीं, ज्याची सूचना कोणी ऐकत नाहीं, ज्यास मालक नांवानें न ओळखतां ‘अरे’ म्हणून हांक मारतो, त्यानें हंसतमुख राहावें अशी अपेक्षा करणें हा जुलूम आहे. ज्या गृहिणीच्या स्वयंपाकाची आठवण मीठ कमी पडल्यावरच होते, तिच्या मुखावर उल्हास कां नाहीं असें विचारणें हीहि निर्लज्जताच. आमच्या उच्चवर्णीय समाजानें हातानें काम करणारास शतकानुशतकें हलकें लेखिलें आणि लेखणीस श्रेष्ठ ठरविलें. परिणाम असा झाला कीं हातांचा मान गेला आणि लेखणीहि पाट्याच टाकूं लागली.

याच्या उलट उदाहरणहि याच शहरांत आहे. कचरा वेंचणाऱ्या बायांइतकें उपेक्षित काम कोणाचें? १९९३ सालीं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. पुढें या वेंचकांच्या हातांत ओळखपत्रें आलीं. आणि त्यांच्याच मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून महानगरपालिकेशीं करार करून घरोघरचा कचरा गोळा करूं लागली. उकिरड्यावर जिला कुत्र्यासारखें हांकलीत, ती बाई आतां दाराशीं उभी राहून सुशिक्षित गृहस्थास ओला कचरा व सुका कचरा निराळा करावयास सांगते. काम तेंच, परंतु त्यांत तिचा अधिकार शिरला आणि तिचा आवाज ताठ झाला. २०२० च्या सुमारास महानगरपालिकेच्या एका सफाई कामगाराचीं गाणीं देशभर ऐकलीं गेलीं. सिनेमाच्या चालींवर कचरा वेगळा करण्याचा उपदेश तो रस्त्यावर गात असे. गाण्याचा हुकूम त्यास कोणीं दिला नव्हता. त्याच्या झाडूस त्यानें आपला गळा जोडला, इतकेंच.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. तेज म्हणजे गलबला नव्हे. महर्षि कर्वे यांच्याइतका शांत मनुष्य पुण्यानें क्वचित् पाहिला असेल. सभा गाजविणें त्यांस साधलें नाहीं. १८९१ पासून ते फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत, आणि १९०० सालीं हिंगण्याच्या माळावर झोंपडींत नेलेल्या आश्रमापर्यंतची वाट पायीं तुडवीत. १९१६ सालीं त्यांनीं महिला विद्यापीठ काढलें. सत्तरी उलटल्यावर, १९२९ सालीं, ते परदेशच्या प्रवासास निघाले. आणि १९३६ सालीं, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं नवी संस्था काढून पुन्हां वर्गणी मागत हिंडूं लागले. हा उत्साह त्यांस कोणाच्या भाषणांतून मिळाला नव्हता. काम त्यांनीं स्वतः निवडलेलें होतें, आणि त्याचें फळ मुलींच्या मुखांवर त्यांस रोज दिसत होतें.

तेव्हां करावें काय? व्यापारी बंधूंस आमची विनंति अशी कीं, दुपारीं दुकान बंद ठेवावयाचें तर खुशाल ठेवा. पण उघडें असेल तेव्हां मन बंद ठेवूं नका. नोकरास नांवानें हांक मारा, आणि एखाद्या बाबतींत तरी निर्णयाचा अधिकार त्यास द्या; लहानसहान माल बदलून देण्याइतका दिला तरी चालेल. एखादी चूक होईल, दहा रुपये जातील; पण एक माणूस जागा होईल. शिक्षकांनीं वर्षांत निदान एक धडा जुनें टिपण न पाहतां नव्यानें शिकवावा. घरांतील पुरुषांनीं आठवड्यांतून कांहीं वेळ स्वयंपाकघर आपल्या हातीं घ्यावें; म्हणजे तेथील कामास किती बुद्धि लागते हें त्यांस कळेल, आणि जिचें काम हलकें होईल तिला आपल्या आवडीच्या उद्योगास अवसर मिळेल. गिऱ्हाईकांनींहि काम चांगलें झालें तर तसें तोंडानें सांगण्याचा कंजूषपणा सोडावा. दोष दाखविण्यांत आपण पुणेकर जितके तत्पर, तितकेच गुण दाखविण्यांत झालों, तर या शहराचा अर्धा रडवेपणा आपोआप जाईल.

मालकानें अधिकार द्यावा, समाजानें मान द्यावा, हें तर खरेंच; आणि तें मिळेपर्यंत मागत राहणें हा कामकऱ्याचा हक्क आहे. पण ज्यांस तो अधिकार व तो मान आधींच मिळालेला आहे, असे आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ आहेत. त्यांना कोणती सबब उरली? त्यांनीं आजच्या आपल्या कामांपैकीं एक तरी असें करावें कीं तें पाहणाराला, हें अमक्याच्या हातचें आहे, असें सांगतां यावें. पाट्या लिहिण्यांत आपण प्रसिद्ध आहोंच. त्या टाकणें तेवढें आतां सोडलें पाहिजे.