मृतदेहावरची अळी हाही पुरावा, ती धुऊन टाकू नका!

वसईच्या तरुणीच्या दिल्लीतील हत्येचा उलगडा 2022 मध्ये झाला. मेहरौलीच्या जंगलात सापडलेली हाडं तिचीच असल्याचं डीएनए चाचणीने दाखवून दिलं. म्हणजे ‘कोण?’ याचं उत्तर मिळालं. पण अनेक प्रकरणांत तपास अडतो तो ‘मृत्यू कधी झाला?’ या प्रश्नावर. तिथे माशीचा डीएनए मदतीला येतो. कसा, ते समजून घेऊ.

माशीवरून वेळ कशी कळते?
उघड्यावरच्या मृतदेहावर हिरव्या-निळ्या चमकदार माशा काही तासांतच अंडी घालतात. मग अळीच्या तीन अवस्था, कोष आणि शेवटी माशी. तिथलं तापमान माहीत असेल, तर अळीच्या वाढीवरून तिचं वय काढता येतं. दोन-तीन दिवस उलटले की शरीराचा ताठरपणा, थंडपणा या खुणा निरुपयोगी ठरतात. अळी मात्र माहिती देत राहते.

मग डीएनए कशाला?
प्रत्येक जातीचा वाढीचा वेग वेगळा असतो, पण कोवळ्या अळ्या दिसतात जवळपास सारख्याच. जात चुकली की दिवस चुकतो आणि निर्दोष माणूस संशयात अडकू शकतो किंवा गुन्हेगार सुटू शकतो. म्हणून प्रयोगशाळेत ‘सीओआय’ या जनुकाचा सुमारे 650 अक्षरांचा तुकडा वाचून ज्ञात जातींशी ताडून पाहतात. मेलेल्या अळीवरून, कधी रिकाम्या कोषावरूनही जात कळते. अगदी जवळच्या जातींमध्ये मात्र हा एकच तुकडा पुरत नाही.

खरी अडचण कुठे?
1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176 नुसार, सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं अपेक्षित आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. पण तज्ज्ञ पोहोचण्याआधी अळ्या धुतल्या गेल्या किंवा फॉर्मेलिनमध्ये टाकल्या, तर उपयोग काय? फॉर्मेलिनमुळे डीएनए खराब होतो.

काही अळ्या अल्कोहोलमध्ये, काही जिवंत ठेवायच्या आणि जागेवरचं तापमान लिहायचं, एवढंच सुरुवातीला करायचं आहे. वसईची उघडी मिठागरं, तुंगारेश्वरची सावली आणि नालासोपाऱ्यातला बंद फ्लॅट यांचं तापमान एक नसतं. लहान बाटल्या, चिमटा, ब्रश आणि थर्मामीटर प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि शवविच्छेदनगृहात ठेवायला मोठा निधी लागत नाही. मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाने यात पुढाकार घ्यावा. महागडी चाचणी नंतरही करता येईल, वाहून गेलेली अळी परत मिळणार नाही.