दत्तक कोण कोणाला घेतो?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 साली एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी 'कुटुंब दत्तक' कार्यक्रम अनिवार्य केला. पहिल्याच वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याने खेड्यातील किमान तीन कुटुंबांशी संबंध जोडावा, त्यांच्या आरोग्याची विचारपूस करावी, असे त्याचे स्वरूप आहे. या निर्णयाचे आम्ही स्वागत करतो, तथापि काही गोष्टी स्पष्टपणे मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

ही कल्पना नवी नव्हे. 1946 च्या भोर समितीने वैद्यकीय शिक्षणात प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाच्या तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाची शिफारस केली होती. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली सेवाग्राम येथे सुरू केलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रत्येक नव्या तुकडीला एक गाव नेमून दिले जाते. विद्यार्थी तेथे शिबिरासाठी मुक्काम करतात आणि पुढेही त्याच कुटुंबांकडे जात राहतात. भारतीय कॅथोलिक महागुरुस्वामींच्या परिषदेचे बंगळूर येथील सेंट जॉन्स महाविद्यालयही आपल्या विद्यार्थ्यांना ग्रामीण भागात राहण्यास पाठवीत आले आहे. परिचारिकांविषयी तर बोलावयासच नको! आपल्या कितीतरी घरांतील मुली परिचर्या शिकताना खांद्यावर पिशवी घेऊन गृहभेटी देतात, वर्तमानपत्राची घडी पसरून त्यावर साहित्य मांडतात. डॉक्टरांना आता सक्तीने शिकविले जात आहे ते त्या फार पूर्वीपासून करीत आल्या आहेत, मात्र त्याची वाच्यता क्वचितच होते.

मग चिंता कशाची? 'दत्तक' या शब्दाचीच प्रथम. अठरा-एकोणीस वर्षांच्या, रक्तदाब मोजावयास नुकत्याच शिकलेल्या विद्यार्थ्याने चार पिढ्यांचे घर दत्तक घ्यावयाचे, ही भाषाच उलटी आहे. वस्तुतः ते घर त्याला शिकविते. मधुमेहाची गोळी मध्येच का थांबली, हे पाठ्यपुस्तकात सापडत नाही. औषध संपले त्या आठवड्यात भातलावणी होती व एका दिवसाची मजुरी बुडविणे परवडणारे नव्हते, हे ओसरीवर बसल्यावरच कळते.

दुसरी चिंता अधिक गंभीर. विद्यार्थ्याची नोंदवही भरते, शिक्षकांची सही होते, गुण मिळतात. त्या कुटुंबाच्या पदरात काय पडते? भेटीत एखाद्या स्त्रीला रक्तक्षय आढळला, तर तिला रुग्णालयापर्यंत कोण नेणार? विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेल्यावर त्या घराकडे कोण पाहणार? याचे उत्तर महाविद्यालयाने प्रथम भेटीपूर्वीच द्यावयास हवे. अन्यथा गरिबाचे घर हे केवळ प्रयोगशाळेचे विस्तारित दालन ठरेल.

जामखेडचा अनुभव येथे मार्गदर्शक आहे. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970 साली तेथे कार्य आरंभिले. अक्षरओळखही नसलेल्या गावातील स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडविले, आणि पुढे याच स्त्रिया बाहेरून येणाऱ्या प्रशिक्षणार्थींना शिकवू लागल्या. गावात शिकविणारी व्यक्ती गावातलीच असल्यामुळे विद्यार्थी परतले तरी काम थांबत नाही. आजही प्रत्येक खेड्यात आशा सेविका आहे. विद्यार्थ्याने तिच्यासोबत घरोघर जावे, आढळलेली प्रत्येक तक्रार तिच्या नोंदीत उतरवावी आणि त्याच्या मूल्यमापनात तिचे व त्या कुटुंबाचे मतही धरले जावे, अशी आमची सूचना आहे. प्राध्यापकांना हे काहीसे अवघड वाटेल!