वडील गेले, भाडे सुरूच; मग रिटर्न कोणाच्या नावावर?

पेणमध्ये गणपतीच्या कारखान्याला दिलेला गाळा असो, की रोह्यात धाटाव एमआयडीसीतल्या कामगारांना दिलेल्या खोल्या. घरमालकाचे निधन झाले तरी भाडेकरू तिथेच असतो आणि भाडेही येत राहते. गडबड होते ती रिटर्न भरताना. वर्षभराचे भाडे एक तर वडिलांच्या पॅनवर दाखवले जाते, नाही तर थोरल्या मुलाच्या. दोन्ही चूकच.

निधनाच्या दिवसापर्यंतचे भाडे मृत व्यक्तीचे उत्पन्न, त्यानंतरचे वारसांचे. वजावटींचीही विभागणी त्याच तारखेवर होते.

समजा, गाळ्याचे भाडे महिना १०,००० रुपये. वडिलांनी जूनमध्ये ६,००० रुपये घरपट्टी भरली आणि ३० सप्टेंबर २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या शेवटच्या रिटर्नमध्ये सहा महिन्यांचे ६०,००० रुपये भाडे येईल. त्यातून घरपट्टी वजा जाता ५४,००० उरतात. त्यावर ३० टक्के, म्हणजे १६,२०० रुपयांची प्रमाणित वजावट. करपात्र उरले ३७,८०० रुपये. गृहकर्ज असल्यास निधनापर्यंतचे व्याजही यातून वजा होते. सहाच महिन्यांचे उत्पन्न आहे म्हणून करमुक्त मर्यादा मात्र निम्मी होत नाही, ती पूर्ण मिळते.

घरपट्टीची वजावट प्रत्यक्ष भरल्यावरच मिळते, नुसते बिल पुरत नाही. त्यामुळे नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या पावतीवरची तारीख बघा. ३० टक्क्यांसाठी पावत्या लागत नाहीत. पण पावसाळ्यापूर्वी कौले बदलली, रंग काढला, तरी तो खर्च वेगळा मागता येत नाही.

उरलेल्या सहा महिन्यांत खरी मेख आहे. मृत्युपत्र नसेल आणि मिळकत स्वकष्टार्जित असेल, तर हिंदू वारसा कायद्यानुसार आई, मुलगा आणि मुलगी समान वारस. ६०,००० भाड्यातून ३० टक्के गेले की ४२,००० राहतात. तिघांच्या रिटर्नमध्ये प्रत्येकी १४,००० रुपये. भाडे भावाच्या खात्यात येते म्हणून सगळे त्याच्याच नावावर टाकणे सोयीचे वाटते. पण मग लग्न होऊन पनवेलला गेलेल्या बहिणीचा हिस्सा कागदावर कुठेच दिसत नाही. करापेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

मृताचे रिटर्न भरण्यासाठी वारसाने स्वतःच्या लॉगिनमधून प्रतिनिधी म्हणून नोंदणी करायची. मृत्यूचा दाखला, मृताचे पॅन आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. त्यासाठी कोर्टाचाच दाखला हवा, हा गैरसमज. महसूल विभागाचा वारस दाखला, नोंदणीकृत मृत्युपत्र किंवा कुटुंब निवृत्तिवेतनाचा आदेशही चालतो. कर थकला असेल तर वारसाची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच.

या नोंदणीत पोर्टल निधनाची तारीख विचारते. मग त्याच तारखेवर भाड्याचे दोन भाग करण्याची सूचना तिथेच का दिसू नये? दुःखात असलेल्या घराने हे शोधत बसावे, ही अपेक्षा रास्त नाही.

भाडेकरू कंपनी असेल तर निधन लगेच लेखी कळवा. नाही तर टीडीएस वडिलांच्याच पॅनवर जमा होत राहतो आणि वारसांच्या रिटर्नमध्ये त्याचा मेळ बसत नाही.