अकाली वार्धक्याची उपेक्षा

ययातीचे वार्धक्य पुरूने आपण होऊन पत्करले आणि पुढे ते पित्याला परतही करता आले. वर्नर रोगाने ग्रस्त झालेल्या माणसाच्या वाट्याला यांपैकी काहीच येत नाही. पौगंडावस्थेत त्याची उंची खुंटते, विशीत केस पांढरे होतात, आवाज चिरका होतो आणि तिशीच्या आसपास दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो.

अकाली वार्धक्य म्हटले की लोकांना २००९ सालच्या ‘पा’ चित्रपटातील बालक आठवते. तो प्रोजेरिया निराळा; ती दुर्दैवी मुले क्वचितच तारुण्य पाहतात. वर्नर हा प्रौढांचा रोग. १९०४ साली कील येथील ओटो वर्नर या तरुण जर्मन डॉक्टराने चार भावंडांची पाहणी करून आपल्या प्रबंधात त्याचे वर्णन केले. त्याचे मूळ असलेले जनुक सापडावयास १९९६ साल उजाडले. पेशींतील आनुवंशिक द्रव्याची मोडतोड दुरुस्त करणारे एक प्रथिन या रुग्णांत नीट तयार होत नाही, एवढे आता निश्चित झाले आहे.

मोतीबिंदू ही केवळ सुरुवात होय. मागाहून मधुमेह येतो, हाडे ठिसूळ होतात, रक्तवाहिन्या कठीण होतात. टाचेवर व घोट्याशी जखमा होतात आणि त्या वर्षानुवर्षे भरत नाहीत. कित्येकदा पाय कापण्याची पाळी येते. इतरांत विरळा आढळणारे कर्करोग या रुग्णांना गाठतात. बहुतेकांचा अंत पन्नाशीच्या मध्यास हृदयविकाराने किंवा कर्करोगाने होतो. बुद्धी मात्र बहुधा शाबूत असते, म्हणजे आपले काय होत आहे ते रुग्णाला पुरतेपणी कळत असते!

आमच्या किनाऱ्यावरील माणसे शिंदेशाहीबरोबर ग्वाल्हेरपर्यंत गेली. महादजींचे सेनानी जिवबादादा बक्षी हे मूळचे आमच्याच पेडणे महालातील केरीचे. परमुलखातील लहान समाजात सोयरीक बहुधा ओळखीच्याच घरांत जुळते. समजा, ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतील अशाच एका मराठी घरात पस्तिशीचा रुग्ण आहे. त्याचा मोतीबिंदू एक डॉक्टर काढील, साखर दुसरा पाहील, टाचेची जखम तिसरा बांधील. तिघेही आपापल्या कामात वाकबगार असतील, परंतु तिन्ही व्याधी एका कागदावर मांडणार कोण? निदान वेळेवर झाले तर नेत्रवैद्य चीर लहान ठेवील, कारण अशा रुग्णांच्या जखमा सहज भरत नाहीत; साखर व चरबी आटोक्यात राहील, कर्करोगाची तपासणी दरवर्षी होईल. रोग बरा होणार नाही हे खरे. परंतु जपानात याच उपायांनी या रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे दिसून आले आहे. त्या शहरात गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबईत के. ई. एम. रुग्णालयाला दुर्मिळ रोगांचे केंद्र म्हणून मान्यता आहे. अशा संस्थांत या रुग्णाची समग्र जबाबदारी एकाच वैद्याकडे असावी, ही आमची पहिली मागणी आहे.

दुसरी गोष्ट घरातली आणि म्हणून बोलावयास अवघड. सदोष जनुक आईबापांपैकी दोघांकडून आले तरच हा रोग होतो. असे जोडपे असल्यास प्रत्येक अपत्याला चारांत एक धोका असतो. जपानात रुग्ण अधिक आढळण्याचे एक कारण नात्यातील विवाह हे मानले गेले. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडेही आहे आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने रूढी म्हणून तिला वाट ठेवली आहे. नात्यातील प्रत्येक विवाह घातक असतो असे आम्ही म्हणत नाही. परंतु कुळात असा रुग्ण असल्यास मुहूर्त काढण्यापूर्वी आनुवंशिकीच्या तज्ज्ञाला विचारावे, आणि सुनेच्या माथी खापर फोडण्याची जुनी सवय तरी सोडावी. वाटा दोघांचा सारखाच असतो.

राहिले सरकार. वृद्धापकाळाचे राष्ट्रीय निवृत्तिवेतन साठीला सुरू होते. या रुग्णांपैकी बहुतेक साठी पाहतच नाहीत. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यांत अकाली वार्धक्य नाही. दृष्टी गेली किंवा पाय कापला तर प्रमाणपत्र मिळू शकते, म्हणजे मदतीसाठी अवयव जाण्याची वाट पाहावयाची! जपानने २०१५ साली सरकारी साहाय्यास पात्र अशा दुर्धर रोगांत वर्नरचा समावेश केला. आपल्या २०२१ च्या दुर्मिळ रोग धोरणाखाली या रुग्णांच्या आजन्म तपासणीचा खर्च उचलला जावा आणि निवृत्तिवेतनासाठी जन्मतारखेऐवजी वैद्यकीय मंडळाचा दाखला ग्राह्य धरावा. रुग्ण इतके थोडे आहेत की तिजोरीला याची झळ जाणवणारही नाही.